धुकं, धुरकं की मळभ?

प्रश्न असा आलाय की कोपरखैरण्यात एकीच्या घरून जानेवारीत सकाळी पारसिकचा डोंगर दिसेनासा झाला, नवरा म्हणाला धुकं पडलंय, लेक म्हणाली धुकं कसलं, पेपरात धुरकं लिहितात ते, आणि सासूबाई म्हणाल्या मळभ आलंय. तिघांत बरोबर कोण?

मळभ आधी निकालात काढतो. मळ अधिक अभ्र, म्हणजे मळकट ढग, आपलं आभाळसुद्धा त्याच अभ्राचं. ते वर असतं, डोक्यावर, ते आलं की कोकणात आंबेवाल्यांचा जीव मोहरात अडकतो. खिडकीसमोर डोंगर पुसला गेला तर ते मळभ नाही. सासूबाई बाद, पण हे त्यांना तुम्हीच सांगा.

आता धुरकं. धूर आणि धुकं जोडून केलेला शब्द, इंग्रजीतला स्मॉग जसा स्मोक आणि फॉग जोडून झाला तसाच, तो १९०५ मध्ये लंडनच्या एका डॉक्टरने चालवला. पण गंमत अशी की धुरकं म्हणायच्या आधीपासूनच आपल्या भाषेत धुक्यात धूर आहे. संस्कृतात धूमिका म्हणजे धुकंच, आणि गावाकडे अजून धुई पडली म्हणतात ती धुई धूमाच्याच कुळातली. जुन्या लोकांनी हे नुसतं दिसण्यावरून म्हटलं असणार, पण निघालं खरं. स्कॉटलंडच्या जॉन एटकेन ह्या शास्त्रज्ञाने १८८० च्या सुमाराला काचेच्या भांड्यात वाफ सोडून बघितली, साध्या हवेत धुकं झालं आणि कापसातून गाळलेल्या हवेत झालंच नाही. थेंबाला बसायला कण लागतो, मीठ असो, काजळी असो, नाहीतर गंधकाच्या धुरातून तयार झालेला क्षार, ह्या तरंगत्या कणांनाच एरोसोल म्हणतात (परिभाषेत वायुकलिल, पण ते कोण बोलतंय). ढगातही हेच होतं, कण जास्त झाले की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक होतात, ढग जास्त पांढरा दिसतो आणि बारीक थेंबांचा पाऊस व्हायला वेळ लागतो. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेने २००९ मध्ये सुरू केलेल्या कायपीक्स प्रयोगात विमानं ढगांत घालून हेच मोजलं.

मग फरक कसा करायचा? हवामानवाले दृश्यता आणि दमटपणा बघतात, हवा जवळजवळ ओलीचिंब आणि एक किलोमीटरच्या आतलं दिसेना तर धुकं. मी ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो, माझं यंत्र म्हणजे खाली लावलेली बाईक. सीटवर बोट फिरवलं आणि ओलं झालं तर धुकं, कोरडं राहून काळं झालं तर धुरकं. येऊरचा डोंगर दोन्ही वेळी गायबच असतो, पण गेल्या डिसेंबरात बोट बहुतेक वेळा काळंच झालं, समोर टॉवरचं काम चालू आहे त्याचीही कृपा. दोन्ही एकदम असतं तेव्हा बोटाला चिखल लागतो, तेव्हा काय म्हणायचं ते म्हणा.

मला खरं बोलायचंय ते क्रियापदाबद्दल. धुकं पडतं, दव पडतं, थंडी पडते, मळभ येतं किंवा दाटतं. पेपरवाले सरसकट 'धुरके पडले' लिहितात ते मला खटकतं, कारण ते वरून पडत नाही, खालून निघतं आणि अडकतं. थंडीत रात्री जमीन गार होते, तिच्या लगतची हवा गार आणि वरची गरम, झाकण घातल्यासारखं होतं, गाड्यांचा आणि कचरा जाळल्याचा धूर त्या झाकणाखाली राहतो, ऊन चढून हवा ढवळली जाईपर्यंत सुटत नाही. म्हणून धुरकं साचतं, कोंडतं. 'आज धुरकं कोंडलंय' म्हणून बघा, ऐकणाऱ्याला लगेच खोकला येईल.

धुलिकण ह्या शब्दावरही माझा राग आहे. हवेतल्या अगदी बारीक कणांना, म्हणजे पीएम २.५ ला, सगळे सूक्ष्म धुलिकण म्हणतात आणि लोकांना वाटतं रस्त्यावर पाणी मारलं की काम झालं. धूळ पंख्याच्या पात्यावर बसते, हे अडीच मायक्रॉनच्या आतले कण दिवसच्या दिवस तरंगत राहतात, आणि त्यात बरीचशी काजळी आणि वायूंपासून हवेतच तयार झालेले क्षार. नुसतं सूक्ष्मकण म्हटलं तरी भागतं. काजळी मात्र अस्सल शब्द, कंदिलाच्या काचेवरची तीच ही.

तर पारसिकचं उत्तर: उद्या सकाळी गॅलरीच्या ग्रिलवरून बोट फिरवा, मग ठरवा नवरा जिंकला की लेक.