मुदतही तुमचीच, फुकटाची सवयही तुमचीच

तुमची मुलगी २३ वर्षांची, बी.कॉम. झालेली. वर्षभर नाशिकमध्ये लोकांच्या कुत्र्या-मांजरांचे फोटो काढते, एका वेळचे ५०० रुपये घेते. 'सहा महिन्यांत महिना ३५,००० आण, नाहीतर बँकेच्या परीक्षेला बस,' असं तुम्ही तिला बजावलंय. आणि मला विचारता, यात स्कोप आहे का?

मला धास्ती वाटली ती वेगळ्याच वाक्याची. 'नातेवाईक आणि सोसायटीतल्यांकडून पैसे कसे मागणार, त्यांचे फुकट काढायला सांगतो.' अहो, सुरुवातीची गिऱ्हाइकं ओळखीतूनच येतात. तीच तुम्ही फुकटाला लावलीत, वर कमाईचा हिशेब तिच्याकडे मागताय. ५०० च्या दराने ३५,००० म्हणजे महिन्याला ७० कामं. ही मुदत नाही, नापास करण्याची तयारी आहे. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

'दीड तासाचे ५०० काय वाईट?' हा तुमचा गैरसमज. दीड तास फक्त कॅमेरा हातात असतो. जाण्यायेण्याचा एक तास, मग दोन-तीनशे फोटोंतून निवडणं आणि एडिटिंग, असे सात तास सहज जातात. तुम्ही लिहिलंय की कॅमेरा आणि लेन्स १,२०,००० ची. ती चार वर्षं चालली आणि वर्षाला ६० कामं झाली, तर दर कामामागे ५०० रुपये नुसती झीज! पेट्रोल आणि तिची मेहनत अजून धरलेलीच नाही. माझ्या मते १० फोटोंचे किमान ३,००० घ्यावेत, छापील अल्बमचे वेगळे. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तारीख देऊ नये.

सोबत पाठवलेला काळ्या लॅब्राडॉरचा फोटो मी नीट पाहिला. काळा कुत्रा कॅमेऱ्याला चकवतो, आपोआपवर ठेवलं की राखाडी दिसतो. इथे तो काळाच आहे आणि तरी केस न् केस सुटा दिसतोय. पोरीने फरशीवर पालथं पडून, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत येऊन काढलाय. तिला काम येतं.

तरी सहा महिन्यांत घर चालेल एवढी कमाई होईल असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं धरा. तोवर तिने एखाद्या सी.ए.कडे अर्धवेळ काम करावं, फोटो शनिवार-रविवारी. बँक पीओची परीक्षा खुल्या गटालाही तिशीपर्यंत देता येते, ती कुठे पळून जात नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंद, मोफत आहे, करून टाका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. मात्र एक पानी करार हवाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क गिऱ्हाइकाकडे जातो. तिला तो स्वतःच्या सोशल मीडियाच्या पानावर टाकायचा तर तसं आधीच लिहून घ्यावं.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तिला काय हवंय, हे तुमच्या पत्रात कुठेच आलेलं नाही.