गारवेल मरेना, मात्रा वाढवू?

प्रश्न: रस्त्याकडेची गारवेल आमच्या उसात शिरते. दोनदा ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं. पंधरवड्यात परत हिरवीगार. मात्रा वाढवू का? (एक वाचक, शिरोळ)

उत्तर: मात्रा राहू द्या, आधी पंपातलं पाणी बघा. पंचगंगेचं गढूळच भरलंय ना? मीही एकदा भरलं होतं, अख्खा दिवस अन् औषध दोन्ही पाण्यात! ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं. धुळीनं माखलेल्या पानांवरही तेच. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातला कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतो. म्हणून आधी पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत विरघळवा, मग औषध. सर येऊन धूळ धुतली, की दुसऱ्या दिवशी वारा पडलेला बघून फवारा. उसावर चढलेल्या वेलीला मात्र खुरपंच लावा, नाहीतर ऊसही जाईल.