निखळलेला खुबा आणि डिसेंबर 2022 चा ई-मेल

जून 2021 मध्ये पुण्यात आईचा खुबा बदलला, दोनदा निखळला, मार्च 2024 मध्ये दुसऱ्या सर्जननी पुन्हा ऑपरेशन केलं. दोष लहान बॉलचा की डॉक्टरांचा, आणि केस होईल का, असं साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे. अशी पत्रं बरीच येतात.

बॉलचं, म्हणजे कृत्रिम खुब्यात कपाच्या आत फिरणाऱ्या गोळ्याचं, आधी उरकतो. 28 मिलिमीटरचा बॉल 36 च्या मानाने लवकर निखळतो, कारण मोठ्या बॉलला कपाबाहेर यायला जास्त सरकावं लागतं. पण लहान चणीच्या बाईला कपही लहान बसतो, त्यात मोठा बॉल घातला तर मधलं प्लास्टिकचं अस्तर पातळ होतं. म्हणून नुसत्या 28 वर निष्काळजीपणा ठरणार नाही. बॉल बनवणाऱ्या कंपनीला ओढण्यासारखं कागदांत मला तरी काही दिसत नाही. 'कपाचा कोन चुकलेला' ही दुसऱ्या ऑपरेशनच्या डिस्चार्ज कार्डावरची ओळ मात्र कामाची आहे. किती, ते एक्स-रे पाहून तज्ज्ञच सांगेल.

खरी अडचण तुम्हीच करून ठेवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. तुम्ही ती मार्च 2024 पासून मोजता. पण डिसेंबर 2022 मध्ये 'कप वाकडा बसवलाय' असा ई-मेल हॉस्पिटलला कोणी केला? समोरचा वकील तोच पुढे करेल आणि मुदत डिसेंबर 2024 लाच संपली म्हणेल. गोव्याच्या एका नर्सच्या पोटात ऑपरेशनवेळी राहिलेला गॉज (जाळीदार कापडाची पट्टी) नऊ वर्षांनी सापडला. तरी 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. इतकं दुखत होतं, तर डॉक्टरांना विचारलं का नाही, हा न्यायालयाचा सवाल. तुम्ही तर विचारलंत आणि उत्तराची वाट बघत बसलात! पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही.

तेव्हा मार्च 2026 उजाडायच्या आत तक्रार दाखल करा. ई-मेल हा संशय होता, खात्री दुसऱ्या ऑपरेशननंतर पटली, अशी मांडणी ठेवा. सोबत कलम 69(2) खाली विलंबमाफीचा अर्ज हवाच, आई अंथरुणाला खिळल्याच्या कागदांसह. ग्राहक आयोग मानेलच असं नाही. ई-मेल लपवू नका. आधी वकिलाची नोटीस पाठवण्यात दिवस घालवू नका, ती बंधनकारक नाही. तक्रार साताऱ्यातच करता येते आणि बिल पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही.

2021 चे केस पेपर आणि इम्प्लांटचे (बसवलेल्या कृत्रिम सांध्याचे) स्टिकर आजच लेखी मागा. हॉस्पिटलवर ते जपण्याचं बंधन तीनच वर्षांचं, आणि ती केव्हाच उलटली.