पुराभिलेखाचा डिप्लोमा झालाय, 11 महिन्यांचं कंत्राट मिळतंय. घ्यावं का?

तुम्ही दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा वर्षाचा डिप्लोमा केलाय, मोडी येते, हातात जुन्या कागदपत्रांच्या स्कॅनिंगचं कंत्राट आहे आणि कायम नोकरी कुठे मिळेल असं विचारताय. कंत्राट घ्या, पण त्यात 'सूची करणे', म्हणजे कुठल्या कागदात काय आहे त्याची यादी करणे, हे काम म्हणून लिहून घ्या. ते लिहायला तयार नसतील तर सोडून द्या.

मी लिहून घेतलं नव्हतं. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत मी लागोपाठ तीन कंत्राटं केली. नोकरी सलग दिसू नये म्हणून मधे पंधरा-पंधरा दिवसांचा खंड. पैसे पानामागे. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, सोडायचा, घड्या उलगडायच्या, ब्रशने धूळ काढायची, कसरीने खाल्लेलं पान बाजूला ठेवायचं, बाकीची स्कॅनरखाली. वाचत बसलं की पानं कमी, पानं कमी की पैसे कमी.

एका रुमालावर जुन्या यादीत 'किरकोळ हिशेब' एवढंच होतं. आत निघाले एका गावच्या कुलकर्णी वतनाच्या तंट्याचे कागद, दोन पिढ्यांचे. त्या दिवसापासून मी प्रत्येक कागदाला दोन ओळी लिहायला लागले: कोणी, कोणाला, गाव कुठलं, साल कुठलं. महिनाअखेर माझी पानं निम्म्यावर आली. प्रकल्पप्रमुख म्हणाले, "स्कॅन झालं की लोक घरबसल्या वाचतील. तुम्ही कशाला वाचताय?" चौथं कंत्राट आलं नाही.

कोण वाचणार होतं घरबसल्या? 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांसाठी केवढी धावाधाव झाली, ते सगळ्यांनी पाहिलं. पेशवे दप्तरातून इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी 45 खंड काढले तेही रुमालांतले कागद वाचूनच. नुसते आकडे दिलेल्या हजार फायलींत एक गाव शोधायचं म्हणजे पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. मागच्या वर्षी त्याच संस्थेतून मला फोन आला, वतनाचे ते कागद कुठल्या फोल्डरात आहेत म्हणून. माझी वही जपून ठेवलेली होती. सांगितलं मी, कारण ज्याला तो कागद हवा होता त्याचा काय दोष?

कायम नोकरीचं म्हणाल तर सरकारी जाहिरातीकडे डोळे लावून बसू नका. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने केंद्राच्या प्रत्येक कार्यालयाने आपल्याच एका अधिकाऱ्याला अभिलेख अधिकारी नेमायचं असतं, आणि मी पाहिलं तिथेही तो भार आधीच्याच एखाद्या अधिकाऱ्याच्या गळ्यात होता. बँका आणि उद्योगसमूह बघा: रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागार पुण्यात आहे, टाटांचंही पुण्यात, गोदरेजचं विक्रोळीला. तिथे मोडीपेक्षा जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेता येणं, छायाचित्रं आणि कंपनीचे कागद लावता येणं जास्त उपयोगी पडतं.

एक मात्र आहे. माझ्या घरात दुसरा पगार होता, म्हणून मी पानं निम्मी करू शकले. तुमच्याकडे तो नसेल तर पहिलं वर्ष अनुभवपत्रासाठी आहे त्या अटींवर काढा, त्यात कमीपणा नाही. शिवाय सरकारी खात्यात मी कधी काम केलेलं नाही, तिथलं आतलं मला विचारू नका.

पण सही करण्याआधी एवढं मागाच: दर रुमालामागे ठरावीक दिवस, त्यात सूची, आणि सूचीवर ती करणाऱ्याचं नाव.