नजर 6/6 आहे, मग पाठीतलं पाणी कशाला काढायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन्ही डोळ्यांच्या डिस्कवर (दृष्टीची नस, म्हणजे ऑप्टिक नर्व्ह, डोळ्याला जिथे जोडलेली दिसते ती जागा) सूज आहे, नजर 6/6 आहे, एमआरआयमध्ये गाठ नाही, तरी डॉक्टर पाठीतलं पाणी काढून दाब मोजायला सांगताहेत. ते टाळलं तर चालेल का?

नाही. आणि 6/6 वर तर अजिबात विसंबू नका.

मेंदूभोवतीचं पाणी (सीएसएफ) कवटीतच थांबत नाही. मेंदूवरची आवरणं ऑप्टिक नर्व्हलाही गुंडाळलेली असतात आणि त्यांच्या आतलं पाणी थेट डोळ्याच्या गोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. तिथे नर्व्हचे तंतू एका चाळणीसारख्या पडद्यातून डोळ्याबाहेर पडतात. पडद्याच्या पुढे डोळ्यातला दाब, मागे सीएसएफचा. एरवी मागचा दाब कमी असतो. तो वाढला की तंतूंच्या आतून चालणारी वाहतूक पडद्यापाशी अडते, आतला माल तुंबतो आणि तंतू फुगतात. डिस्कवर दिसणारी सूज ती हीच. दाब उतरला नाही तर तेच तंतू मरू लागतात.

अक्षरांचा तक्ता फक्त मधली नजर तपासतो आणि ती सहसा शेवटी जाते. आधी ब्लाइंड स्पॉट (प्रत्येक डोळ्याला मुळातच न दिसणारा छोटा भाग) मोठा होतो, मग नाकाकडचा खालचा भाग पुसट होतो. दोन्ही डोळे एकमेकांची उणीव भरून काढत असल्याने हे लक्षातही येत नाही. म्हणून प्रत्येक डोळ्याची वेगळी फील्ड टेस्ट (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी) हवी, आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा.

पाणी काढण्याआधी दोन गोष्टी झाल्यात का पाहा. एक, बीपी, ते बेसुमार वाढलं तरी दोन्ही डिस्क सुजतात. दुसरी, एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे मेंदूच्या शिरा दाखवणारा एमआरआय. मेंदूच्या शिरेत गुठळी असेल तर साधा एमआरआय ती चुकवू शकतो, आणि तिचे उपचार वेगळे असतात. डिस्क खरंच सुजलीय की ड्रुसेनमुळे (जन्मजात प्रवृत्तीने साचणारे खडे) फुगीर दिसतेय अशी शंका असेल, तर आधी बी-स्कॅन सोनोग्राफी करतात.

दाब मोजताना कुशीवर झोपून, सुई बसली की पाय सरळ सोडायचे आणि श्वास संथ ठेवायचा. बसून घेतलेला किंवा पोट आवळून, श्वास रोखून घेतलेला आकडा फुगतो. मोठ्या माणसात 25 सेंमीच्या (नळीत चढलेल्या पाण्याच्या उंचीच्या) वर दाब वाढलेला धरतात. 20 ते 25 मधला आकडा एकट्याने काही ठरवत नाही. शिवाय पाण्यातल्या पेशी आणि प्रोटीनही बघायचे असतात, ते एमआरआय सांगू शकत नाही.

डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन ही अँटिबायोटिक्स, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, व्हिटॅमिन ए चे मोठे डोस यांपैकी काही चालू असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. कधीकधी सगळं मूळ तिथेच निघतं.

दुसरं कारण सापडलं नाही तर सहसा अ‍ॅसेटाझोलामाइड ही दाब उतरवणारी गोळी देतात आणि वजन जास्त असेल तर ते उतरवायला सांगतात. गोळीने बोटांना मुंग्या येतात, सोडा पेयं बेचव लागतात. तेवढ्यावरून ती परस्पर बंद करू नका. मुतखडा होऊन गेला असेल किंवा दिवस गेले असतील तर मात्र सुरू करण्याआधीच बोला. वजनाचं पथ्य कंटाळवाणं वाटतं, पण गोळी दाब आवरते आणि वजन उतरवणं बहुतेकदा मुळावर काम करतं.

आता सगळ्यात फसवा भाग. सूज उतरली म्हणजे बरं झालं, असं नेहमीच नसतं. मेलेला तंतू सुजत नाही. ओसीटीवर (डोळ्याच्या मागच्या थरांची जाडी मोजणाऱ्या स्कॅनवर) नर्व्हच्या तंतूंचा थर पातळ होत गेला तर सूज ओसरतेय किंवा तंतू कमी होताहेत, दोन्ही शक्यता असतात. गँग्लियन सेलचा (ज्या पेशींपासून हे तंतू निघतात त्यांचा) थर आणि फील्ड शेजारी ठेवून बघितलं तरच उलगडा होतो. डोकेदुखी थांबली यावरूनही अंदाज बांधू नका.

वाकल्यावर किंवा उठल्यावर काही सेकंद अंधारी येणं, कानात नाडीच्या ठोक्यासारखा आवाज, लांबचं दोन-दोन दिसणं, ही दाबाची नेहमीची लक्षणं. ती तारखेनिशी लिहून ठेवा. पण फील्ड काही दिवसांत आक्रसतंय किंवा नजर उतरतेय असं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. तिथे गोळ्यांवर थांबत नाहीत, नर्व्हच्या आवरणाला खिडकी पाडणं किंवा शंट (जादा पाणी दुसरीकडे वळवणारी नळी) बसवणं हा निर्णय लवकर घ्यावा लागतो.