सेल्फ लागेना? मोटर बदलण्याआधी मीटर लावा

प्रश्न : माझी ११० सीसीची कार्बोरेटरवाली स्कूटर २०१८ची आहे. २२ जुलै २०२१च्या पुरात ती सीटपर्यंत पाण्यात होती. तेव्हा इंजिन उघडून, ऑइल बदलून गाडी चालू करून घेतली आणि पुढे काहीच त्रास दिला नाही. या पावसाळ्यापासून मात्र सेल्फ मारला की फक्त ‘टक्’ आवाज येतो, इंजिन फिरत नाही. पुन्हा पुन्हा बटण दाबलं तर कधीतरी लागतो. किक मारली की लगेच चालू होते. बॅटरी जूनमध्येच नवी टाकली. हॉर्न खणखणीत वाजतो, हेडलाइट लख्ख आहे. गॅरेजवाले म्हणतात मोटर गेली, नवी टाका. दादा, खरंच गेली असेल का?
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, नवी मोटर आणू नका. आधी आहे ती उघडून बघायला सांगा. पण त्याही आधी दहा मिनिटांचं काम आहे, ते सांगतो.

तुम्हाला ऐकू येतो तो ‘टक्’ आवाज स्टार्टर रिलेचा. त्या एका आवाजानं अर्धी गाडी तपासून झाली आहे. सेल्फसाठी गाडीत विजेच्या दोन वाटा असतात. एक बारीक वायरची : बॅटरी, फ्यूज, चावी, ब्रेक लिव्हरचा स्विच, बटण आणि तिथून रिलेची कॉइल. दुसरी जाड वायरची : बॅटरी, रिलेचे मोठे पॉइंट, मोटर आणि मोटरच्या बॉडीतून अर्थिंगनं परत बॅटरी. बारीक वाटेनं वीज पोचली की रिले आतली पट्टी खेचतो, टक् होतं आणि जाड वाट जोडली जाते. तुमचा रिले टक् करतोय, म्हणजे फ्यूज, चावी, ब्रेक स्विच, बटण हे सगळे निर्दोष सुटले. दोष जाड वाटेवर आहे.

हॉर्न वाजतो म्हणून बॅटरी चांगली, असं धरून चालू नका. हॉर्नला दोन-तीन अँपिअर पुरतात. मोटरला पहिल्या झटक्याला त्याच्या कितीतरी पट लागतात. हेडलाइटचा पुरावा तर त्याहून कच्चा. त्या काळातल्या पुष्कळ स्कूटरमध्ये हेडलाइट थेट मॅग्नेटवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागावर चालतो, बॅटरीचा त्याच्याशी संबंधच नसतो.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही दुकानात मिळतो. नॉब डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि गाडी मेन स्टँडवर घ्या. लाल प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरचं टोकदार टोक, बॅटरीच्या प्लसवर, काळा मायनसवर. गाडी रात्रभर उभी असेल तर १२.६च्या आसपास दिसायला हवं. १२.४च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करून घ्या, बाकीचं नंतर. पण हा आकडा स्वस्थ बसलेल्या बॅटरीचा आहे. खरा आकडा कामाला लावल्यावर कळतो. म्हणून प्रोब तसेच ठेवून दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटरकडे बघा.

आकडा धाडकन आठ-सातवर आला, तर एक तर बॅटरीत दम नाही, किंवा मोटर आत अडकून बसली आहे आणि नुसता करंट ओढते आहे. शेजाऱ्याच्या चालू गाडीची तशीच बॅटरी लावून बघितली की दोन्हींतलं काय ते कळतं. आणि टक् झालं, पण आकडा १२.४-१२.५वरच राहिला, तर करंट वाहतच नाहीये, वाट मध्येच तुटली आहे. तुमच्याकडे बहुधा हेच होत असणार, कारण बॅटरी नवी आहे आणि सेल्फ कधीतरी लागतोही.

वाट कुठं तुटली ते शोधायला काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवरच ठेवा आणि लाल घेऊन पुढं सरकत जा. सेल्फ मारताना रिलेच्या आत येणाऱ्या बोल्टवर बारा आहेत, बाहेर जाणाऱ्या बोल्टवर शून्य, तर रिलेचे पॉइंट जळलेत. रिले बदला, मोटरला हात लावू नका. बाहेरच्या बोल्टवरही बारा असतील तर मोटरच्या टर्मिनलवर बघा. तिथंही बारा मिळाले, तर लाल प्रोब मोटरच्या उघड्या धातूवर टेकवा, रंगावर नको. सेल्फ मारताना इथं जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. दोन-चार-दहा असं काही दिसलं तर अर्थिंग गेलं. कोकणात अर्थिंग फार जातं. वायरच्या टोकाचा गोल थिंबळ आणि बॉडी यांच्यामध्ये हिरवी-पांढरी भुकटी धरते, बाहेरून बोल्ट मात्र चकचकीत दिसतो. दहा नंबरच्या पान्यानं बोल्ट काढा, थिंबळ आणि बॉडी दोन्ही पॉलिश पेपरनं तांबूस-पांढरे होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. आधी जेली लावून मग बोल्ट आवळायचा नाही. धातूला धातू लागल्यावरच जेली.

अर्थिंगही ठीक निघालं, तरच मोटर. ताई, तुमच्या पत्रातली पुराची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुरानंतर लोकांनी इंजिन उघडलं, ऑइल बदललं, एअर फिल्टर टाकला, पण सेल्फची मोटर उघडायचं फारसं कुणाच्या ध्यानात आलं नाही. किक लागत होती, सेल्फ लागत होता, मग कशाला उघडतील? वाशिष्ठीचा गाळ पिठासारखा बारीक असतो. तो मोटरच्या टोकाच्या सीलमधून आत जातो आणि वाळून बसतो. मोटरमध्ये कार्बनचे ब्रश असतात. मागच्या स्प्रिंगच्या जोरावर ते आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, तांब्याच्या गोलावर टेकून राहतात आणि झिजतील तसे पुढं सरकतात. त्यांच्या घरात गाळ आणि कार्बनची काळी पूड एकत्र झाली की ब्रश तिथंच चिकटतो. पूर ओसरला तेव्हा तो लांब होता, म्हणून टेकत होता. झिजत झिजत आखूड झाला, स्प्रिंग ढकलते पण तो सरकत नाही. मग धक्क्यानं कधी टेकतो, कधी नाही. सेल्फ कधीतरी लागतो, त्याचं हे कारण अगदी जुळतं.

याची एक सोपी चाचणी आहे. एकानं सेल्फ दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं स्क्रू ड्रायव्हरची मूठ मोटरच्या बॉडीवर हलक्या हातानं ठोकायची. मोटर फिरली तर ब्रशच. पाच सेकंदांपेक्षा जास्त बटण दाबून धरू नका.

मोटर बहुतेक गाड्यांत दोन बोल्टवर असते. काढायच्या आधी बॅटरीचा मायनस सोडायचा. मोटर उघडून ब्रशची घरं पेट्रोलनं नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरनं धुवायची, तांब्याचा गोल बारीक पॉलिश पेपरनं पुसायचा, गोलावरच्या फटींतली पूड टोकदार लाकडी काडीनं काढायची, ब्रश आणि स्प्रिंग नवे घालायचे, ओ-रिंग नवी टाकायची. ब्रशचा सेट अख्ख्या मोटरच्या मानानं अगदी थोड्या पैशांत येतो. ‘बदलून बघू’ या दोन शब्दांची मला मनापासून चीड आहे. गिऱ्हाइकाच्या पैशानं अंदाज बांधायचा नसतो. आर्मेचर जळलेलं असेल, गोल खोल कातरला गेला असेल, तर मीच म्हणेन नवी टाका. पण ते उघडून, तुम्हाला दाखवून.

प्रश्न : माझी स्कूटर बीएस-६, फ्युएल इंजेक्शनची आहे. सकाळी कॉलेजला निघताना सेल्फ दाबला तर कधी कधी काहीच होत नाही. टक् पण नाही. चावी बंद-चालू करून, ब्रेक दोनदा दाबून बघितला की अचानक लागतो. बॅटरी चेक केली, ओके आहे. काका, ईसीयू गेला असेल का?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरवर, जायची घाई नको. तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे : ‘ब्रेक दोनदा दाबून’. आता एकदा सेल्फ लागला नाही की मागं जाऊन बघ, किंवा संध्याकाळी गाडी भिंतीकडं पाठ करून लाव आणि डावा ब्रेक हळूहळू दाब. भिंतीवर लाल उजेड पडतो का? ब्रेक लाइट ज्या स्विचवर लागतो, त्याच स्विचमधून सेल्फला परवानगी मिळते. उजेड पडला नाही किंवा लिव्हर पूर्ण ओढल्यावरच पडला, तर स्विच गेला. बहुतेक गाड्यांत दोन्ही लिव्हरचे स्विच जोडलेले असतात, म्हणून उजवा ब्रेक दाबून सेल्फ मारून बघ. उजव्यानं दर वेळी लागला तर शंकाच नको. सगळे जण डावा दाबूनच गाडी चालू करतात, त्यामुळे झिजतो तोही डावाच. स्विच स्वस्त असतो, लिव्हरखाली बसतो.

उजव्यानंही लागत नसेल तर साइड स्टँड बघ. ज्या गाड्यांत स्टँडचा सेन्सर आहे, तिथं स्टँड अर्धा खाली राहिला किंवा सेन्सरवर चिखल वाळला की सेल्फ बंद. स्टँडचा सांधा ब्रशनं धुऊन घे.

आणि ‘टक् पण नाही’ याची धास्ती नको. १ एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम सक्तीचे झाले. बीएस-६ गाड्यांतल्या पुष्कळ स्कूटरना वेगळी स्टार्टर मोटरच नाही. जो जनरेटर बॅटरी चार्ज करतो तोच उलट काम करून इंजिन फिरवतो, म्हणून त्या इतक्या गुपचूप चालू होतात. अशा गाडीत रिलेच्या आवाजावरून निदान करता येत नाही. हँडलसमोरच्या डॅशबोर्डवर चिन्ह पेटलंय का, पेट्रोल पंपाचा क्षणभर ‘उंऽ’ असा आवाज येतो का, यावर लक्ष ठेवायचं.

प्रश्न : सेल्फ दाबला की मोटर जोरात ‘घर्रर्र’ फिरते, पण इंजिन जागचं हलत नाही. थंडीत जास्त होतं.
– एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : तुमची वीज निर्दोष आहे. बॅटरी, रिले, मोटर कशालाच हात लावू देऊ नका. मोटर आणि इंजिन यांना जोडणारा भाग पकडत नाहीये. काही गाड्यांत पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, पुढं सरकून दात पकडतो, काहींत एकाच दिशेनं पकडणारा वन-वे क्लच असतो. पिनियनवरचं ग्रीस जुनं होऊन घट्ट झालं की थंडीत तो सरकत नाही. धुऊन, नेमून दिलेलं ग्रीस अगदी थोडं लावलं की काम होतं. वन-वे क्लचचे रोलर झिजले असतील तर ते मात्र बदलावेच लागतात.

प्रश्न : बॅटरी पूर्ण बसली तर बिनगिअरची स्कूटर ढकलून चालू करता येते का? कारच्या बॅटरीवरून करावी का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ढकलून नाही होत. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच इंजिनाच्या वेगानंच बाहेर फेकला जाऊन पकडतो. इंजिन बंद असताना चाक कितीही पळवलं तरी ते इंजिनापर्यंत पोचतच नाही. किक असेल तर किक मारा. पण इंजेक्शनच्या गाडीत पंपाला आणि ईसीयूला वीज लागते, बॅटरी साफ मेलेली असेल तर किकही वाया जाऊ शकते.

कारवरून करता येतं, कारण दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या. कारचं इंजिन बंद ठेवा. आधी प्लसला प्लस जोडा. मग कारच्या मायनसची केबल स्कूटरच्या चॅसीच्या उघड्या लोखंडी भागाला लावा, पेट्रोलच्या टाकीपासून लांब. सेल्फ तीन-चार सेकंदच मारा. गाडी चालू झाली की जोडली त्याच्या उलट क्रमानं केबल काढा. मग इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर मीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये दिसलं तर चार्जिंग ठीक आहे, बॅटरीचं वय बघा. साडेबाराच्या वर जातच नसेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे बॅटरीला चार्जिंग नेमकं पोचवणारा भाग, आणि त्याचा कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लग, तपासून घेतल्याशिवाय नवी बॅटरी घालू नका, तीही बसेल.