आफ्रिका शिकून पुढे काय?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी छत्रपती संभाजीनगरला इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे आणि खुलताबादला आफ्रिकेतून आलेल्या मलिक अंबरची कबर पाहून आल्यापासून, आफ्रिका व आफ्रिकेबाहेर विखुरलेले आफ्रिकी वंशाचे लोक याच विषयात एम.ए. करायचे, असे तिने मनाशी पक्के केले आहे. ‘हे शिकून तिला इथे नोकरी कोण देणार?’ असे आपण विचारले आहे. काळजी रास्त आहे, म्हणून आधी अडचणच सांगतो: केवळ या पदवीवर नोकरी मिळणे अवघड आहे. पदवीच्या जोडीला एखादी भाषा आणि संशोधनाचे एखादे पक्के कौशल्य असेल, तर मात्र चित्र बदलते.

हा विषय आपल्याकडे नवा नाही. दिल्ली विद्यापीठात आफ्रिका अध्ययनाचा विभाग १९५५ पासून आहे, मुंबई विद्यापीठातील केंद्र १९७१ चे आहे आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठातही असे केंद्र आहे. तिन्ही ठिकाणी यंदा कोणत्या पातळीवर प्रवेश आहेत, हे त्यांच्या माहितीपत्रकातून पाहून घ्यावे. प्राध्यापक होण्यासाठी लागणाऱ्या नेट परीक्षेत राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंधांच्या विषयगटात आफ्रिका अध्ययनाचा समावेश आहे, त्यामुळे ती वाट बंद होत नाही. लंडनच्या सोआस या आशिया व आफ्रिका अध्ययनाच्या संस्थेचे नाव मुलीने घेतले आहे. संस्था उत्तम आहे, पण घर गहाण टाकून तिथे जाऊ नये. शिष्यवृत्ती मिळाली तरच जावे.

आता भाषेविषयी. पूर्व आफ्रिकेसाठी स्वाहिली, पश्चिमेकडील अनेक देशांसाठी फ्रेंच आणि मोझांबिक व अंगोलासाठी पोर्तुगीज लागते. माझा कल पोर्तुगीजकडे आहे, कारण मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चालत असे, आणि गोवा विद्यापीठात ही भाषा शिकण्याची सोय आहे. परराष्ट्र सेवा, आफ्रिकी देशांना कर्जपुरवठा करणारी मुंबईची एक्झिम बँक, तिकडे औषधे व यंत्रे निर्यात करणाऱ्या कंपन्या, भाषांतर, पत्रकारिता या क्षेत्रांत प्रवेशाच्या अटी वेगवेगळ्या आहेत, पण भाषा कुठेही वाया जात नाही.

मात्र आपल्या मुलीजवळ एक गोष्ट अशी आहे, जी लंडनच्या विद्यार्थ्याला सहज मिळणार नाही. अटलांटिकपार नेलेल्या गुलामांवर उदंड लिहिले गेले आहे. त्या मानाने हिंदी महासागर ओलांडून आलेल्या आफ्रिकी लोकांवर, म्हणजे हबशी किंवा सिद्दींवर, फार थोडे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला आणि ज्या शहरात ती आज शिकते, त्याची पायाभरणी १६१० च्या सुमारास खडकी या नावाने त्यानेच केली. जंजिऱ्याच्या सिद्दींविरुद्ध शाहू महाराज व पेशव्यांनी १७३३ ते १७३६ या काळात जी मोहीम चालवली, तिची पत्रे मोडी या जुन्या मराठी लिपीत आहेत. ते कागद मी पाहिले आहेत: आधी आडवी रेघ, तिच्याखाली सलग धावणारी अक्षरे, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे अर्थ लागेपर्यंत कळत नाही. मराठी घरातल्या मुलीला नियमित सरावाने काही महिन्यांत ही लिपी वाचता येऊ लागते. मोडी आणि पोर्तुगीज या दोन्हींचा आधार असलेला आफ्रिका-अभ्यासक आपल्याकडे क्वचितच सापडतो, आणि संशोधनवृत्ती देणारी विद्यापीठे अशाच माणसाच्या शोधात असतात.

म्हणून माझा सल्ला असा, की तिने एम.ए. भारतातच करावे, आफ्रिका अध्ययनाला प्रवेश मिळाला तर ठीकच, न मिळाल्यास इतिहासात करून प्रबंधाचा विषय कोकणातील किंवा उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाज असा निवडावा. येत्या सुट्टीत मोडीचा वर्ग लावावा. आणि शक्य झाल्यास आपण स्वतः तिच्याबरोबर मुरूडला जाऊन, पंजांत हत्ती धरलेल्या वाघासारख्या प्राण्याचे जंजिऱ्याच्या दरवाजावरील शिल्प पाहून यावे. तिला या विषयाचे इतके वेड का लागले आहे, हे ती आपल्याला तिथे माझ्यापेक्षा चांगले समजावून सांगेल.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक